माग कोणाचा?

येडगाव हे माझ्या आज्याचे गाव. जुन्नर तालुक्यातले, कुकडीकाठचे. लोक आज ते धरणामुळे ओळखतात. आमच्या घरात ते वेसकराच्या पाळीमुळे लक्षात राहिले. गावात कोण शिरले, कोण बाहेर पडले, शिवेची खूण कुठे आहे, सरकारी भरणा कोणत्या वाटेने तालुक्याला न्यायचा, हे सारे आज्याच्या डोक्यात असे. चोरी झाली की पावलांचा माग काढायचा आणि तो शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या हवाली करायचा. एका निरक्षर माणसाचे ते शास्त्र होते. त्याचा मोबदला काय? बलुत्याची भाकर, आणि चावडीच्या पायरीखालची जागा.

विद्यापीठातील संशोधन आणि ठाण्यातील रोजचा कारभार यांची सांगड घातली पाहिजे, असे आज चर्चासत्रांतून आग्रहाने सांगितले जाते. मागणी रास्त आहे. परंतु ही सांगड आजवर नव्हतीच, हे मात्र खरे नाही. ती होती, आणि तिची किंमत गावकुसाबाहेरच्या माणसाने मोजली आहे.

उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी दिली. त्यांना पकडण्याच्या मोहिमेत असलेल्या कॅप्टन मॅकिन्टॉशने १८३३ मध्ये रामोशी समाजावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात रामोशांची उत्पत्ती, चालीरीती आणि खुद्द उमाजींचे चरित्रही आहे. पुढे त्यानेच महादेव कोळ्यांवर लिहिले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगर हे त्यांचे घर. म्हणजे ज्याने पाठलाग केला तोच अभ्यासक झाला. माहिती देणारे बंदिवान होते, आणि बंदिवान जे सांगतो त्याला संशोधन म्हणायचे की जबानी, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही.

१८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे आणि हजेरी हा रोजचा पोलिसी व्यवहार बनला. त्याआधी, १९०८ मध्ये, एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वर पुस्तक काढले होते. एकेका जमातीचा पेहराव, बोली, वेषांतर, चोरीची रीत असे रकानेच त्यात पाडलेले आहेत. रामोशी, कैकाडी, भामटे यांच्या घरात जन्मलेले मूल पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच त्या रकान्यात जाऊन बसत होते. मॅकिन्टॉशच्या ग्रंथात निदान एका माणसाचे चरित्र होते; इथे माणूस गेला आणि फक्त जात उरली.

यात आपलाही हिशेब मांडला पाहिजे. माळावर कैकाड्यांची पाले पडली की पाटलाला वर्दी द्यायला आजाच जात असे. गावकुसाबाहेरच्यानेच गावकुसाबाहेरच्यावर डोळा ठेवायचा, अशी ही व्यवस्था होती. डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले. ते केवळ वेठबिगारीविरुद्ध होते असे मी मानत नाही. गावाची राखण करूनही गावाचा न होणारा माणूस त्यातून मोकळा व्हावा, असा त्याचा अर्थ मी लावतो. कनिष्ठ वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली.

गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ‘सराईत गुन्हेगार’ हा शब्द मात्र मागे राहिला. काही वर्षांपूर्वी मी शिकवत होतो त्या शाळेतून भांडी चोरीला गेली. फिर्याद द्यायला गेलो, तर अंमलदाराचा पहिला प्रश्न होता : “जवळपास पालं कुठं पडलीत?” भांड्यांची यादी त्याने नंतर विचारली. त्याने केनेडीचे नावही ऐकले नसेल. केनेडीचा रकाना मात्र त्याच्या तोंडपाठ होता.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग-नियमावलींतील जातिभेदाची कलमे घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढायला सांगितले, आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीने अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. या निकालाच्या मुळाशी एका पत्रकार स्त्रीने तुरुंगांचा केलेला शोध होता. यावेळी शोध खालून वर गेला. ज्यांच्यावर नोंदी झाल्या त्यांचे ऐकले गेले, आणि नोंद करणाऱ्याला जाब विचारला गेला.

माझ्या विद्यार्थी मित्रांनी आणि शिक्षकांनी हाच मार्ग धरावा. ठाण्यात संशयावरून किती जणांना आणले, कोणत्या वस्तीतून आणले, आणि त्यांतील किती जणांवर गुन्हा शाबीत झाला, हा अभ्यासाचा विषय करा. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांच्या साक्षी लिहून घ्या. पोलीस प्रशिक्षणात मॅकिन्टॉश आणि केनेडी जरूर शिकवा. पण पोलिसांनी काय चुकवले याचा इतिहास म्हणून शिकवा.

आजा म्हणायचा, माग काढताना आधी आपली पावले बाजूला घ्यावी, नाहीतर आपल्याच पावलांना चोराची समजून माणूस फिरत बसतो. ठाण्याने आणि विद्यापीठाने प्रथम आपापली पावले बाजूला घ्यावीत. मग पुढचा माग आपण मिळून काढू.