वाटीच्या मापाची बाई

चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं पुस्तक मराठीत लाखाच्या पुढे खपेल, असं १९७० साली कुणी म्हटलं असतं तर प्रकाशन व्यवसायातल्या मुरलेल्या माणसांनाही ते पटलं नसतं. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नं ते करून दाखवलं. कमलाबाईंचा जन्म १९१३चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचा. माहेरची परिस्थिती बेताची होती. लग्न होऊन त्या सांगलीच्या ओगल्यांकडे आल्या आणि सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाकात तयार झाल्या. १९९९ साली त्या गेल्या, तोवर त्यांच्या पुस्तकावर हात बसवून मराठी मुलींच्या दोन पिढ्या संसाराला लागल्या होत्या. स्वयंपाक शिकायला ना शाळा ना वर्ग, एवढ्या शिदोरीवर या बाईंनी संदर्भग्रंथ लिहिला. संदर्भग्रंथ हा शब्द इथे पूर्ण जबाबदारीनं वापरायला हवा, कारण अडलं की उघडायचं आणि वादात ज्याचा शब्द शेवटचा मानायचा, असं पुस्तक मराठी स्वयंपाकघरात दुसरं नव्हतं.

पाककृती लिहून ठेवण्याची आपली परंपरा मात्र जुनी. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं ‘मानसोल्लासा’त अन्नाला मोठी जागा दिली. सतराव्या शतकात तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयानं रघुनाथ नवहस्ते यांचं ‘भोजनकुतूहल’ झालं. ही पुस्तकं संस्कृतात, वाचणारे पंडित. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला त्यांचा उपयोग नव्हता. छापील मराठीत १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ आलं आणि १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’. बाईनं बाईसाठी लिहिलेल्या मराठी पाकपुस्तकांत लक्ष्मीबाईंचं स्थान फार वरचं आहे, आणि त्यांच्याविषयी आज इतकं कमी बोललं जातं याची खंत वाटते.

पण या सगळ्यांपुढे एक अडचण होती: मोजायचं कशानं? मुंबईचा शेर २८ तोळ्यांचा, तर पक्का शेर ८० तोळ्यांचा. म्हणजे ‘एक शेर’ असं वाचून मुंबईची सून सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास डाळ घेणार आणि पक्क्या शेरानं मोजणारी सव्वानऊशेच्या वर. शिवाय पायली, मापटं, चिपटं ही धान्याची मापं वेगळीच. नवी नवरी उंबरठ्यावरचं तांदळाचं माप ओलांडून घरात येत असे, तेव्हा त्या घराची मापंही तिला नव्यानंच ओळखून घ्यावी लागत. ती शिकायची ती पाहून, ओरडा खाऊन, हाताला वळण लागेपर्यंत.

मग सरकारनंच मापं बदलली. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, टप्प्याटप्प्यानं किलो-ग्रॅम आले आणि १९६२ सालापासून दशमान वजनं सक्तीची झाली. वाण्याकडे किलो आला, पण घरातल्या जाणत्या बायकांच्या तोंडी शेर-पावशेर तसाच राहिला. ‘रुचिरा’ आली ती यानंतर अवघ्या आठ वर्षांनी. सासू शेरात सांगते, दुकानदार ग्रॅममध्ये देतो आणि मधली सून गोंधळते, अशा त्या काळात कमलाबाईंनी दोन्ही बाजूला ठेवून फडताळातली वाटी आणि चमचा उचलला.

काळही बदलत होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि पुण्यातले कितीतरी वाडे गेले; वाड्यातली माणसं वसाहतींतल्या लहान घरांत विखुरली. मुंबईत तर दोन खोल्यांचा संसार केव्हाच रुळला होता. गॅस आला, १९६०च्या आगेमागे प्रेशर कुकर आला, बायका नोकरीला बाहेर पडल्या. आत्या, काकू, आजी यांच्यापैकी कुणीतरी ओट्यापाशी असेल याचा भरवसा उरला नाही. तिकडे मद्रासेत एस. मीनाक्षी अम्माळ यांनी १९५१ सालीच ‘समैत्तु पार’ लिहून तमिळ मुलींची हीच गरज ओळखली होती. मराठीत ती ओळखली कमलाबाईंनी.

वाटीत नेमकं काय साधतं हे अनारशावरून कळतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग सावलीत कपड्यावर पसरून ओलसर असतानाच दळायचे. पिठात जवळपास बरोबरीनं किसलेला गूळ मिसळून गोळे करायचे आणि ते काही दिवस मुरू द्यायचे. खसखशीवर थापलेला अनारसा, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद तुपात सोडायचा. तो उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. इतकं सगळं करून गूळ जरा जास्त झाला की अनारसा हसतो, म्हणजे तुपात पसरून त्याच्या चिंध्या होतात. मग एखादा चमचा तांदळाची पिठी घालून पुन्हा मळा. घरातली म्हातारी गोळा बोटानं दाबून हे आधीच सांगत असे. तिच्या बोटातलं ज्ञान कागदावर आणायचं तर पीठ किती आणि त्याला गूळ किती, हेच सांगावं लागतं. वाटी तेच सांगते. चकलीच्या भाजणीचंही तसंच: तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, मुगाची एक, असं घरोघरचं प्रमाण. वाटी लहान असो की मोठी, चकली तीच होणार. मोहन जास्त झालं तर ती तेलात विरघळणार आणि कमी पडलं तर दगड होणार.

म्हणूनच ही मापं साता समुद्रांपलीकडेही टिकली. १९६५नंतर अमेरिकेचे दरवाजे उघडले आणि मराठी इंजिनियर, डॉक्टर, त्यांच्या बायका तिकडे गेल्या, तेव्हा सामानात ‘रुचिरा’ गेली. तिकडचा कप २४० मिलिलिटरचा, आपली वाटी त्याहून लहान. तरी गणित बिघडलं नाही, कारण प्रमाणाला देशाची सीमा नसते. कमलाबाईंच्या लिखाणात वर्णनाचा फापटपसारा नाही. साहित्य, मग कृती, वाक्यं छोटी. घरात उभं राहून शिकवणाऱ्या बाईचा आवाज त्यात आहे, आणि चार यत्ता शिकलेल्या बाईला इतकं नेमकं लिहिता यावं, हा मराठी गद्याच्या अभ्यासकांनीही दखल घ्यावी असा विषय आहे.

या पुस्तकाला मर्यादाही होत्या. ‘रुचिरा’तलं ताट पांढरपेशा घरातलं आहे. पण ते इतकं पसरलं की ‘महाराष्ट्रीय जेवण’ म्हणजे तेवढंच, असा समज शहरांत रुजला. गावकुसाबाहेरच्या चुलीवर काय शिजत होतं, ते छापील मराठीत यायला फार उशीर झाला. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं, आणि मराठवाड्यातल्या दलित घरांत तेल-मसाल्याच्या टंचाईत काय आणि कसं रांधलं जात होतं ते प्रथमच एवढ्या तपशिलानं वाचायला मिळालं. दोन्ही पुस्तकं एकाच फळीवर शेजारी असायला हवीत. कमलाबाईंचं मोल त्यानं कमी होत नाही. त्यांनी आपल्या घरातलं प्रामाणिकपणे लिहिलं, बाकीच्यांचं लिहून घेण्याची जबाबदारी प्रकाशकांची होती आणि ती त्यांनी दीर्घकाळ पार पाडली नाही.

‘रुचिरा’चा दुसरा भाग निघाला, इंग्रजी अवतारही आला. पुढे मंगला बर्वे यांची ‘अन्नपूर्णा’ आणि जयश्री देशपांडे यांची ‘हमखास पाकसिद्धी’ घराघरांत पोचली, आणि कुठल्या घरात कुठलं पुस्तक चालतं यावर मैत्रिणींत चर्चा रंगू लागल्या. आता मुली मोबाइल डब्याला टेकवून यूट्यूबवर मराठी पाककृती बघतात. तिथली ताई पहिल्या मिनिटातच सांगते: कुठलीही वाटी घ्या, पण सगळं त्याच वाटीनं मोजा.