एल्बेकाठचा चौक

शहराचा इतिहास राजवाड्यात शोधावा, अशी आपली समजूत असते. पण वाचकहो, जर्मनीतील ड्रेस्डेनची कहाणी जाणून घ्यायची तर एल्बे नदीकाठच्या थिएटरप्लाट्झ या चौकात उभे राहावे. एका अंगाला राजघराण्याचे कॅथॉलिक चर्च, दुसऱ्या अंगाला चित्रसंग्रहालय, मध्ये योहान राजाचा अश्वारूढ पुतळा आणि त्याच्या पाठीशी ऑपेराचे भव्य नाट्यगृह!

गॉटफ्रीड झेम्पर या स्थापत्यकाराने इथले पहिले नाट्यगृह १८४१ साली उभे केले. वाग्नरच्या ‘टानहॉयझर’चा पहिला प्रयोग १८४५ साली तिथेच झाला. राजाचा आश्रय होता, कीर्ती होती. झेम्परला कशाची ददात नव्हती. तरीही १८४९ च्या मे महिन्यात लोक राजाविरुद्ध उठले, तेव्हा हा राजमान्य माणूस लोकांच्या बाजूने उभा राहिला. रस्त्यातले अडथळे कसे रचावेत, हेही त्यानेच दाखवले. उठाव चिरडला गेला. चित्रसंग्रहालयाचे काम अर्धवट टाकून झेम्पर परागंदा झाला, वाग्नरही पळाला.

पुढे १८६९ साली नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. नवे कोण बांधणार? नागरिकांना झेम्परच हवा होता. गादीवर होता योहान. ज्याच्याविरुद्ध उठाव झाला, त्या राजाचा हा सख्खा भाऊ. पण हा दान्तेचे काव्य जर्मन भाषेत आणणारा पंडित राजा. अखेर काम झेम्परलाच मिळाले. आराखडे पित्याने केले, बांधकामावर देखरेख पुत्र मानफ्रेडने ठेवली. १८७८ साली पडदा उघडला. पुढल्याच वर्षी झेम्पर रोममध्ये वारला.

१३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री शहरावर बाँबवर्षाव झाला. सुमारे २५ हजार माणसे मेली आणि नाट्यगृहाच्या नुसत्या भिंती उरल्या. बरोबर चाळीस वर्षांनी, १३ फेब्रुवारी १९८५ रोजी, ते पुन्हा उघडले. प्रयोग कोणता? वेबरचा ‘फ्रायशुट्झ’! १९४४ च्या ऑगस्टअखेरीस दारे बंद झाली, तेव्हाचा शेवटचा खेळ हाच होता. २००२ साली एल्बेची पातळी ९.४० मीटरवर गेली, तळघरांत पाणी शिरले. पण काही महिन्यांतच प्रयोग पुन्हा सुरू झाले.

राजाचा पुतळा चौकात आजही आहे. पण नाट्यगृहाला लोक ‘झेम्पर ऑपेरा’ म्हणतात. ज्याच्या नावाने पकडवॉरंट निघाले होते, त्याचेच नाव या नगरीने जिभेवर ठेवले आहे.