हडसनकाठचा शनिवार

९ नोव्हेंबर १९१२. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचं मैदान. खाली हडसन नदी, वर करडे दगडी वाडे. तुम्ही कडेला कॅडेटांच्या गर्दीत उभे आहात. मंगळवारी वुड्रो विल्सन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, पण आज इथे त्यांचं कुणाला काय पडलंय! कार्लाईलचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आलाय, आणि त्या संघात जिम थॉर्प आहे. याच उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमधून दोन सुवर्णपदकं घेऊन आलेला.

कार्लाईल हे खरं तर कॉलेजच नव्हे. पेनसिल्व्हानियातल्या रिकाम्या लष्करी बराकींत रिचर्ड प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये मूलनिवासी मुलांसाठी काढलेली ही निवासी शाळा. तुम्ही आदल्या दिवशी तिथे उतरला असतात तर दिसलं असतं: आल्या आल्या केस कापले जातात, नाव बदललं जातं, घरची भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस सुतारकाम, शिवणकाम. आवारात एक दफनभूमीही आहे, घरी परत न गेलेल्या मुलांची. पोरांमधलं मूलनिवासीपण मारायचं आणि माणूस तेवढा वाचवायचा, हे प्रॅटचं जाहीर धोरण. फुटबॉलला त्याने आधी बंदी घातली होती. मग पोरांनी गळ घातली आणि तो विरघळला.

त्या शाळेचा संघ आज हार्वर्ड, पेनसिल्व्हानिया, सिराक्यूज अशा बड्यांशी खेळतो. बहुतेक सामने परगावी, रेल्वेने. गेल्या हंगामात हार्वर्डला त्यांच्याच मैदानावर १८-१५ हरवलं, तेव्हा दुखऱ्या पायावर पट्टी बांधलेल्या थॉर्पने लाथेने चार फील्ड गोल मारले. सिराक्यूजकडून मात्र एका गुणाने हरले. त्याची परतफेड या ऑक्टोबरात झाली: ३३-०.

पण आजची गोष्ट वेगळी आहे. समोर लष्कर आहे. त्याने वुंडेड नी इथे केलेल्या मूलनिवासींच्या कत्तलीला अजून बावीस वर्षंही पूर्ण झालेली नाहीत. प्रशिक्षक पॉप वॉर्नर पोरांना तीच आठवण करून देत असतील, अशी दंतकथा पुढे पसरेल. मला विचाराल तर आठवण करून द्यायची गरजच काय होती? या पोरांतल्या अनेकांना तर देशाचं नागरिकत्वसुद्धा नाही. सगळ्या मूलनिवासींना ते देणारा कायदा यायला १९२४ उजाडावं लागेल.

खेळ सुरू होतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. हा नियम याच वर्षीचा, पूर्वी प्रयत्न तीनच मिळत. टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे, गुणही यंदाच पाचाचे सहा झालेत. पहिला टचडाउन लष्कराचा. त्यानंतरची जादा गुणाची किक मात्र हुकते. मग कार्लाईलचा बर्गी पलीकडे घुसतो, थॉर्पची किक बरोबर जाते, आणि अर्ध्या वेळेला फलक ७-६.

आता नीट बघा. वॉर्नरने दोन्ही बाजूंच्या हाफबॅकना रांगेच्या टोकांपाशी नेऊन उभं केलंय. ही नवी मांडणी त्याने या दिवसासाठी राखून ठेवली होती. चेंडू कुणाकडे जाणार हे समोरच्यांना कळेपर्यंत तो गेलेला असतो. क्वार्टरबॅक गस वेल्श, वयाने कोवळा ओजिब्वे पोरगा, आकडे ओरडतो आणि सगळं यंत्र हलतं. लष्कराचा धिप्पाड कर्णधार डिव्होर समोरच्या गायन नावाच्या गड्यावर एवढा चिडतो की त्याच्या अंगावर धावून जातो, आणि पंच त्याला मैदानाबाहेर काढतात.

तुमच्या शेजारचे सगळे फक्त थॉर्पकडे बघतायत. लष्कराचेही तसेच. त्यांचे दोन गडी मनाशी ठरवून आलेत, एकाने वरून, एकाने खालून, कबड्डीतल्या जोडपकडीसारखं याला धरायचं आणि खेळातून उठवायचं. थॉर्प ऐन क्षणी थबकतो, दोघे एकमेकांवर आदळतात, आणि थोड्या वेळाने त्यांना बाहेर बसवलं जातं. त्यातल्या एकाचं नाव ड्वाइट आयझेनहॉवर. तो पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष होणार हे या मैदानावर एकट्या तुम्हालाच ठाऊक आहे. सांगू नका, कुणी विश्वास ठेवणार नाही.

थॉर्पच्या आजच्या धावांच्या कहाण्या पुढे यार्डायार्डाने लांबत जातील. माझा सल्ला, तुम्ही अलेक्स अर्कासावर नजर ठेवा. सगळं लष्कर थॉर्पच्या मागे लागलेलं असताना हा गडी तीन टचडाउन करतो. शेवटी २७-६.

पुढच्या शनिवारी फिलाडेल्फियात पेनसिल्व्हानियाकडून ३४-२६ अशी हार होते, हंगामातली एकुलती एक. थँक्सगिव्हिंगला ब्राउनविरुद्ध ३२-०, आणि थॉर्पचा शाळेसाठीचा खेळ संपतो. बारा विजय, एक हार, एक बरोबरी. जानेवारीत एक वर्तमानपत्र छापतं, की हा पूर्वी उन्हाळ्यात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी, म्हणून पदकं जातात. त्या काळी कॉलेजची कितीतरी पोरं खोट्या नावाने हेच करत. याने आपलंच नाव लावलं.

वर्षभर आणखी थांबलात तर कार्लाईलमध्ये संसदेची समिती आलेली दिसेल. तिकिटांच्या पैशांवर खेळाचा स्वतंत्र फंड फुगलेला, आणि त्याच्या चाव्या वॉर्नरच्या हातात. चौकशीसाठी विद्यार्थ्यांनी अर्ज केलाय, दोनशेहून अधिक सह्यांचा, आणि तो फिरवलाय गस वेल्शने. समितीपुढे तो साक्षही देतो, ज्या वॉर्नरच्या मांडणीने लष्कराला हरवलं त्याच वॉर्नरविरुद्ध, त्याच्या शिवीगाळीबद्दल. वॉर्नर पुढे पिट्सबर्गला निघून जातो. १९१८ मध्ये शाळा बंद होते, बराकी पुन्हा लष्कराच्या ताब्यात. तोवर वेल्श कायद्याची पदवी घेऊन महायुद्धात त्याच लष्कराचा अधिकारी झालेला असतो.