जुलै १९३० : पुसदचं गवत आणि बाकीचं जग

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप ग्रुपवर आला तोवर चांगले विषय संपले होते. गळणारा वर्ग एकाने घेतला, पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी दुसरीने घेतली, सरांच्या छडीवर तर तिघांचे लेख येणार आहेत. मी इतिहासावर लिहिते म्हटल्यावर ग्रुपवर हसण्याचा जो पाऊस पडला तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाच. बरोबर आहे. दहावीला माझे सर्वांत कमी मार्क इतिहासातच होते. तेव्हा सर, आधी तुमची माफी मागते आणि मग लिहिते.

निमित्त झालं माझ्या मुलीचं. पुण्यात ती नववीत आहे. दोन महायुद्धांच्या मधला काळ असा तिचा धडा होता आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसले होते. मध्येच तिने विचारलं, "आई, तेव्हा तुझ्या गावाकडे काय चाललं होतं गं?" मी मान वर न करता म्हटलं, "आमच्या फुलसावंगीत काय होणार? काही नाही." ती पुढच्या पानावर गेली. मी मात्र त्या "काही नाही"पाशी अडकले. कुठलीही खात्री न करता इतक्या ठामपणे मी ऑफिसात एक वाक्य बोलत नाही.

आमच्या कामात एक सवय लागते. चार यंत्रांमध्ये एकाच वेळी काही घडलं, तर चारही यंत्रांच्या नोंदी काढायच्या आणि एकाच वेळापत्रकावर शेजारी शेजारी लावायच्या. एकटी नोंद काही सांगत नाही, शेजारची नोंद पाहिली की बोलायला लागते. तसाच एक महिना मी घेतला : जुलै १९३०. एक्सेलमध्ये एकतीस ओळी केल्या. हाच महिना का, तर आपल्या इतिहासाच्या पुस्तकात सविनय कायदेभंगाच्या धड्यात जंगल सत्याग्रहाचा जेमतेम एका ओळीचा उल्लेख होता. गाळलेल्या जागा भरा, यासाठी ती ओळ उपयोगी पडायची. त्या ओळीच्या मागे आपला तालुका आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तेव्हा महागाव तालुका नव्हता. फुलसावंगी पुसद तालुक्यात होती आणि १० जुलै १९३० रोजी जे घडलं ते पुसदला घडलं. बाजार, दवाखाना, कॉलेज, लग्नाचा बस्ता, सगळ्यासाठी आपण जायचो ते पुसद. मी तिथे चार वर्षं इंजिनिअरिंग केलं. मला कोणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

आधी थोडं मागे जाऊ. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि ५ मेला त्यांना अटक झाली. पण आपल्या वऱ्हाडाला समुद्र कुठला? अकोल्याकडच्या खारपाण पट्ट्यात दहीहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून सत्याग्रह झाला. यवतमाळ जिल्ह्यात तेवढीही सोय नाही. शिवाय जूनमध्ये पाऊस लागला की मीठ वाळवणं देशभरच अवघड. आंदोलन थंड पडू द्यायचं नसेल तर पावसाळ्यात मोडता येईल असा कायदा हवा होता, आणि आपल्याकडे तो दारातच उभा होता. जंगलाचा कायदा.

१८७८ च्या वन कायद्यापासून जंगलांची राखीव, संरक्षित अशी वर्गवारी झाली, १९२७ मध्ये नवा कायदा आला. राखीव जंगल म्हणजे सरकारची मालमत्ता. गुरं चारायची तर चराई भरा, गवत-सरपण न्यायचं तर परवाना काढा. ज्यांच्या पिढ्या त्या रानावर जगल्या ते आंध, गोंड, कोलाम, तांड्यांवरचे बंजारा आणि आपले कुणबी शेतकरी सगळेच एका रात्रीत विनापरवाना झाले. मिठाच्या कराची झळ पोटाला बसत होतीच, पण जंगलाच्या कायद्याला चेहरा होता. तो नाकेदाराचा होता आणि तो आठवड्याला भेटायचा.

लोकनायक बापूजी अणे यांनी हा कायदा निवडला. वणीचा जन्म, यवतमाळची वकिली, टिळकांचे कट्टर अनुयायी. 'लोकमत' हे पत्र साप्ताहिक म्हणून यवतमाळात सुरू झालं ते त्यांच्याच पुढाकाराने. १९२८ च्या नेहरू समितीवर ते सदस्य होते. एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वऱ्हाडातल्या टिळकपंथी मंडळींना गांधीजींचा मार्ग सहजी पटत नव्हता, कौन्सिलात जाऊन लढावं असं मानणाऱ्यांत अणे होते. असा कायद्याचा माणूस, पन्नाशी पूर्ण व्हायला दीड महिना असताना, स्वयंसेवकांना घेऊन पुसदच्या राखीव जंगलात गेला आणि गवत कापलं. अटक झाली, सहा महिन्यांची शिक्षा झाली.

दहा जुलै. आपण सगळे शेतकऱ्यांची पोरं, तेव्हा हे तुम्हाला समजावून सांगायला नको. मृगात पाऊस पडला असेल तरी दहा जुलैला गवत असून असून किती असणार? घोट्याच्या वर, फार तर पोटरीपर्यंत. त्याचा धड भारा होत नाही. गुरांसाठी साठवायचं गवत दिवाळीच्या पुढे-मागे कापतात. आणि त्या दिवसांत घरोघरी डवरे आणि निंदण चाललेलं असतं, कुणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणजे जे गवत कापलं त्याला गवत म्हणून किंमत नव्हती, आणि ज्यांनी डवरणी सोडून गर्दी केली त्यांना त्या दिवसाची किंमत मोजावी लागली. पुस्तकातल्या ओळीत हे नसतं.

त्याच जुलैत यवतमाळजवळ लोहाऱ्याला डॉ. हेडगेवारांनी जंगल सत्याग्रह केला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली, अकोल्याच्या तुरुंगात काढली. पुढे हे लोण महाराष्ट्रभर गेलं. सांगलीकडे बिळाशीला, कोकणात चिरनेरला. चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला आणि माणसं मेली.

एक गंमत सांगते, ती मला नकाशा पाहताना सुचली. आपल्या दक्षिणेला पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे माहूर-किनवट निजामाच्या राज्यात. बरं, आपला वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच. १९०२ मध्ये इंग्रजांनी तो कायमच्या पट्ट्याने घेतला आणि मध्य प्रांताला जोडला. म्हणजे मालक एक, भाडेकरू दुसरा, आणि गवत कापलं की चोर तिसराच. दत्तशिखराला जाणारा माणूस नदी ओलांडली की एका सरकारातून दुसऱ्या सरकारात जायचा. आपण शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा नदीवर फक्त डबे उघडले होते.

आता बाकीच्या ओळी. अकरा जुलैला, म्हणजे पुसदच्या दुसऱ्याच दिवशी, इंग्लंडमध्ये लीड्सच्या मैदानावर एकवीस वर्षांच्या डॉन ब्रॅडमनने एका दिवसात ३०९ धावा काढल्या. जेवणाच्या सुट्टीआधीच शतक. दुसऱ्या दिवशी तो ३३४ वर बाद झाला. तेरा जुलैला उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ इथे फुटबॉलचा पहिला विश्वचषक सुरू झाला. तेरा संघ, त्यांत युरोपातून आलेले फक्त चार, कारण बोटीने जायला दोन आठवडे लागायचे आणि कुणाला एवढी रजा नव्हती. तीस तारखेला अंतिम सामना झाला. कोणाच्या चेंडूने खेळायचं यावरून भांडण झालं, म्हणून पूर्वार्धात अर्जेंटिनाचा आणि उत्तरार्धात उरुग्वेचा चेंडू घेतला. उरुग्वेने ४-२ ने चषक जिंकला. हे वाचून मला आपल्या आंतरशालेय कबड्डीतली भांडणं आठवली. जगातले मोठे लोकही असेच असतात, फक्त त्यांचं छापून येतं.

चौदा जुलैला बर्लिनजवळच्या कापूट गावी रवींद्रनाथ टागोर आइन्स्टाइनच्या घरी गेले आणि माणूस नसता तर सत्य असतं का, यावर दोघं बोलत बसले. तेवीस आणि चोवीस तारखेला सप्रू आणि जयकर येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना भेटले, तडजोड होते का पाहायला. झाली नाही. एकतीस जुलैला मुंबई बंदरातून एकोणीस वर्षांचा एक मुलगा इंग्लंडला निघाला, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. बोटीवर वेळ जाईना म्हणून त्याने विझत्या ताऱ्यांचं गणित मांडलं, आणि त्यातून निघालेल्या मर्यादेला आज त्याचंच नाव आहे. नोबेल मिळायला १९८३ उजाडलं.

आणि अठरा जुलै. त्या दिवशी या ओळीला फारसं कुणी महत्त्व दिलं नसावं. जर्मनीत चॅन्सेलर ब्र्यूनिंग यांच्या काटकसरीच्या अंदाजपत्रकाला संसदेने नकार दिला, म्हणून संसद बरखास्त झाली. सप्टेंबरात निवडणूक झाली आणि बारा जागांवर असलेला हिटलरचा पक्ष १०७ वर गेला. पुढचं तुम्हाला पाठ आहे.

पुसद आणि बर्लिन शेजारी लावल्यावर एक धागा मात्र दिसतो, आणि तो कापसाचा आहे. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, जून १९३० मध्ये अमेरिकेने आयातकर वाढवले, देशोदेशीचा व्यापार आटला. जर्मनीत बेकारी वाढली तशीच इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापड गिरण्यांत वाढली. आणि आपल्या जिल्ह्याचं तर सगळंच कापसावर. यवतमाळ-मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे ब्रिटिश कंपनीने टाकली ती आपल्याला मामाच्या गावी न्यायला नाही, कापूस मुंबईला पोचवायला. भाव घसरत होते आणि त्या जुलैत पेरलेली पऱ्हाटी वेचायला येईपर्यंत ते आणखी घसरले. माझा अंदाज असा की, हातात रोख पैसा असता तर चराईचे आणे माणसाने कुरकुरत का होईना दिले असते. पैसाच नसल्यावर आणा मोठा झाला. पुसदच्या सत्याग्रहात बापूजींची योजना होती तशी ही मंदीही होती, असं मला वाटतं. इतिहासाच्या सरांना हे पटलं नाही तर मेळाव्याच्या दिवशी त्यांनी मला बाकावर उभं करावं.

एवढं लावून झाल्यावर मला आजीचा विळा आठवला.

माझी आजी तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल, मधल्या सुट्टीत आपण तिच्याकडे बोरं खायला जायचो. ती सांगायची, की तिच्या तरुणपणी, म्हणजे स्वातंत्र्य मिळून बरीच वर्षं झाल्यावर, रानातून गवताचा भारा आणताना नाकेदाराने तिला अडवलं. भारा खाली टाकायला लावला आणि विळा काढून घेतला. नवाकोरा विळा, लोहाराकडून आठवड्यापूर्वी आणलेला. ती नेहमी एवढंच म्हणायची, "गवत देवानं उगवलं, भारा म्या बांधला, अन् चोर बी मीच, बापा!" आम्ही हसायचो. तिची म्हणायची पद्धतच तशी होती.

बापूजी १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष झाले, स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले, संसदेत गेले. त्याच तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १ जुलै १९३० ला सतरा वर्षांचे झाले होते. ते पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाले. सरकार बदललं, माणसं आपली आली. १९२७ चा वन कायदा मात्र दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्याच्या उद्देशिकेतच लिहिलंय की वनवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. मी ते वाक्य दोनदा वाचलं. आजी तोवर गेली होती, नाहीतर तिला वाचून दाखवलं असतं. तिने विळ्याचं काय ते विचारलं असतं.

मुलीला मी आता ती एक्सेल दाखवली आहे. तिला ब्रॅडमन आवडला. मग तिने दहा तारखेच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे 'लोक' या रकान्यात मी फक्त बापूजींचं नाव लिहिलं होतं. "एकटेच गेले होते का?" तिने विचारलं.

एकटे नव्हते. त्यांच्या मागे जे चालले त्यांची नावं आपल्या घरांत असणार. कुणाचे पणजोबा तुरुंगात गेले, कुणाच्या आजोबांनी गर्दीत उभं राहून पाहिलं, कुणाच्या घरी एखादा फोटो, ताम्रपट, नाहीतर नुसतीच "आमचे आबा पुसदला गेले होते" अशी एखादी गोष्ट असेल. मेळाव्याला येताना ते घेऊन या. दुपारच्या जेवणानंतर मी लॅपटॉप उघडून आपल्या जुन्या वर्गाच्या खिडकीजवळ बसते. एका ओळीत मावलं नाही तर ओळी वाढवता येतात.