एका कुलपाची पंधरा वर्षे

१/ जून १९९६. लिनक्स २.० प्रसिद्ध झाले आणि ते एकाहून अधिक प्रोसेसरांच्या यंत्रांवर चालू लागले. दोन प्रोसेसरांनी एकाच माहितीत एकाच वेळी फेरफार केला, तर ती बिघडते. त्यावर योजलेला उपाय म्हणजे संपूर्ण कर्नेलला, अर्थात या प्रणालीच्या गाभ्याला, एकच कुलूप : ‘बिग कर्नेल लॉक’.

२/ त्यामुळे ड्रायव्हर लिहिणारे निश्चिंत झाले. कर्नेल स्वतःच कुलूप लावून त्यांच्या कोडला हाक देत असे. मात्र एका उपकरणाचे काम चालू असता, त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेले दुसरे तिष्ठत राही.

३/ मग ते काढले का नाही? कारण त्या कुलपाआड नेमके कशाचे रक्षण होते, याची कुठेच नोंद नव्हती.

४/ २००५ मध्ये ड्रायव्हरांना आज्ञा देण्यासाठी कुलपाविना एक नवा मार्ग खुला झाला : ‘अनलॉक्ड आयऑक्टल’. २००८ मध्ये जोनाथन कॉर्बेट यांनी उपकरण उघडण्याच्या सामायिक वाटेवरील कुलूप प्रत्येक कॅरेक्टर ड्रायव्हरच्या आत नेले. कुलूप तेच, जागा बदलली. आता प्रत्येक ड्रायव्हर तपासून ठरवता येऊ लागले : येथे कुलूप हवे का? हवे असल्यास त्याचे स्वतःचे छोटे कुलूप, ‘म्यूटेक्स’.

५/ मे २०११. लिनक्स २.६.३९ मध्ये आर्न्ड बर्गमन यांनी उरलेसुरले महाकुलूप हटवले.

६/ कुलूप लावायला एक निर्णय पुरला. ते काढायला पंधरा वर्षे लागली. या इतिहासाचे सार एवढेच : माहिती ज्याची, कुलूपही त्याचेच.