जपानी ॲनिमेच्या तबकड्या आणि अमेरिकन ग्राहक : एका आयात-व्यवहाराचा इतिहास

डिसेंबर १९८३ मध्ये जपानात ‘डॅलॉस’ ही चित्रमालिका दूरचित्रवाणी किंवा चित्रपटगृह यांपैकी कोणताही मार्ग न धरता सरळ व्हिडिओवर प्रसिद्ध झाली, आणि ॲनिमे ही विकत घेऊन घरी जतन करण्याची वस्तू आहे, या कल्पनेस व्यापारी रूप आले. या वस्तूची किंमत मात्र सामान्य प्रेक्षकाच्या ऐपतीकडे पाहून ठरलेली नव्हती. चित्रफिती भाड्याने देणारी दुकाने व हौशी संग्राहक हेच तिचे गिऱ्हाईक असल्यामुळे ‘प्रती थोड्या, किंमत भारी’ हे सूत्र आरंभीच रूढ झाले. पुढे नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात रात्री उशिरा दाखविल्या जाणाऱ्या मालिकांचा प्रघात वाढला. अशा मालिकांच्या प्रसारणाची वेळ बहुधा निर्मात्यांची समितीच पैसे मोजून घेई, आणि गुंतलेल्या भांडवलाच्या वसुलीचा मोठा भार तबकड्यांच्या विक्रीवर पडे. दोन भागांची एक तबकडी सहा-सात हजार येनांस विकली जाण्याचे मर्म येथे आहे. तिला नुसती महागाई म्हणणे योग्य होणार नाही. तो ग्राहक एका अर्थी मालिकेचा आश्रयदाताच होता.

अमेरिकेतील विक्रेत्याची स्थिती याहून अगदी निराळी होती. त्याच्या हाती तयार कृती येई. हक्काचे मूल्य, भाषांतर आणि डबिंग एवढा खर्च निघाला की त्याचे भागे. म्हणून २०१० च्या सुमारास बारा-तेरा भागांचा संपूर्ण संच तेथे जपानातील एखाद्या तबकडीच्या किमतीत मिळू शके. एकाच कृतीची ही दोन मोले परस्परांच्या वाटेस न जाता दीर्घकाळ नांदली, याचे कारण शोधू गेल्यास ते बाजारापेक्षा यंत्ररचनेत अधिक सापडते.

लेसरडिस्कच्या काळात असा अडसर नव्हता. जपान व अमेरिका या दोन्ही देशांची दूरचित्रवाणी-पद्धती एकच असल्याने जपानी तबकडी अमेरिकन यंत्रावर विनासायास चाले. तिच्यावर इंग्रजी उपशीर्षके नसत; तरीही रसिक ती मागवीत, आणि तिच्यावरून स्वतः उपशीर्षके जोडलेल्या चित्रफिती तयार करून आपसांत वाटीत. १९८७ साली आयोवा राज्यात स्थापन झालेल्या ‘राइट स्टफ’सारख्या टपालाने माल पाठविणाऱ्या विक्रेत्यांचा उदय याच वातावरणात झाला.

डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानात व १९९७ मध्ये अमेरिकेत आली, ती जगाचे विभाग पाडूनच. अमेरिकेस १, जपानला २ आणि भारतास ५ असे प्रदेशांक मिळाले. ही योजना मुख्यतः हॉलीवूडच्या चित्रपटांचे प्रदर्शन देशोदेशी निरनिराळ्या वेळी होत असे म्हणून आखलेली होती. परंतु जपानी तबकडी-विक्रेत्यांस तिच्यामुळे एक आयता तट लाभला. २००६ मध्ये ब्लू-रे आली तेव्हा हा तट ढासळला, कारण नव्या विभागणीत जपान व अमेरिका दोघेही ‘ए’ प्रदेशात पडले. (भारत ‘सी’ प्रदेशात गेला, म्हणजे पुण्या-मुंबईच्या रसिकास टोकियोची आणि न्यूयॉर्कची अशी दोन्ही दारे दोन्ही वेळा बंदच राहिली.) आता टोकियोतील ग्राहकाला अमेरिकेतील स्वस्त संच टपालाने मागविणे शक्य झाले, आणि ‘उलट आयाती’ची धास्ती उत्पन्न झाली.

कायद्याचा आधार या बाबतीत तोकडा होता. जपानच्या स्वामित्वहक्क कायद्यात २००४ मध्ये दुरुस्ती होऊन १ जानेवारी २००५ पासून उलट आयातीस जो प्रतिबंध झाला, तो ध्वनिमुद्रिकांपुरता होता. चित्रतबकड्यांस तो लागू नव्हता. तेव्हा उपाय मालातच योजावे लागले. २०१२ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘पर्सोना ४’ मालिकेच्या ब्लू-रेवर मूळ जपानी ध्वनीच ठेवला नाही. तिच्या डीव्हीडीवर मात्र तो होता, कारण तेथे प्रदेशांकाचा पहारा शाबूत होता. या घटनेइतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच मिळेल. उत्तम चित्रासाठी अधिक दाम देणाऱ्या अमेरिकन ग्राहकाच्या हाती अपुरी कृती पडली, आणि तीही त्याच्या कोणत्याही अपराधावाचून.

दुसरा उपाय किमतीच जुळविण्याचा. बंदाई व्हिज्युअलच्या अमेरिकन शाखेने तो करून पाहिला आणि २००८ मध्ये ती शाखा गुंडाळली गेली. ॲनिप्लेक्सने मात्र तो अधिक चातुर्याने चालविला : २०११ मध्ये ‘कारा नो क्योकाई’चा ब्लू-रे संच अमेरिकेत सुमारे ४०० डॉलरांस विकला, तर जपानात सहा खंडांत निघालेली ‘मादोका माजिका’ २०१२ मध्ये तेथे तीन खंडांत दिली.

याच सुमारास अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१३ रोजी ‘कर्टसेंग’ खटल्यात असा निर्णय दिला, की परदेशात कायदेशीरपणे तयार झालेली प्रत विकत घेणाऱ्यास ती अमेरिकेत आणून पुन्हा विकण्याचा अधिकार आहे. वाद थायलंडमध्ये घेतलेल्या पाठ्यपुस्तकांचा होता. ‘केवळ भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ असा शिक्का असलेली पुस्तके हाताळलेल्या विद्यार्थ्यास त्यातील तत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

न्यायालयाहूनही मोठा फेरबदल चलनाने घडविला. ऑक्टोबर २०११ मध्ये डॉलरला सुमारे ७५ येन मिळत, जुलै २०२४ मध्ये १६१. म्हणजे सात हजार येनांची तबकडी ९३ डॉलरांवरून ४३ वर आली. परंतु ही सवलत मिळाली तेव्हा दुकानेच उणी होत चालली होती. ‘राइट स्टफ’ २०२२ मध्ये क्रंचीरोलने विकत घेतले व ऑक्टोबर २०२३ मध्ये ते नाव तिच्या भांडारात विलीन झाले. ‘बेस्ट बाय’ने २०२४ मध्ये चित्रतबकड्यांची विक्री थांबविली. परदेशातून येणाऱ्या ८०० डॉलरांपर्यंतच्या मालास असलेली शुल्कमाफीची सर्वसाधारण सवलतही २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित झाली.

फ्युनिमेशनच्या अनेक तबकड्यांसोबत एक संकेतांक मिळत असे. तो नोंदविला की त्या कृतीची अंकीय प्रत ग्राहकाच्या खात्यात जमा होई. २ एप्रिल २०२४ रोजी ती सेवा बंद झाली व त्या प्रती दुसरीकडे वळत्या केल्या गेल्या नाहीत. ज्यांनी संकेतांक वापरून झाल्यावरही तबकडी कपाटात ठेवली होती, त्यांची कृती त्यांच्यापाशी राहिली.