तळटीप : भुलेखालचा रक्तदाब

* ‘भूलतज्ज्ञांची नजर मॉनिटरवरून हलली नाही’ : मेंदूतल्या धमनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत होऊन फुगते, त्याला अन्युरिझम म्हणतात. या फुगवट्यावर ताण पडतो तो धमनीतला दाब आणि कवटीतला दाब यांच्यातल्या फरकाचा. रक्तदाब एकाएकी चढला तर फुगवटा फुटू शकतो. फार उतरला तर मेंदूला रक्त अपुरे पडते. सर्वांत नाजूक क्षण श्वासनलिकेत नळी घालण्याचा. लॅरिंगोस्कोपचे पाते जिभेमागे टेकले की, रुग्ण पूर्ण बेशुद्ध असला तरी, नाडी आणि दाब उसळतात. म्हणून मनगटाच्या धमनीत बारीक नळी बसवून प्रत्येक ठोक्याचा दाब पाहतात, आणि तीव्र वेदनाशामक आधीच देऊन ठेवतात. डोके स्थिर धरणाऱ्या पकडीची टोके कवटीत रुततात, तेव्हाही हीच दक्षता.

वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली अशा फुगवट्याच्या मानेला चिमटा लावला. पुढे कित्येक वर्षे शस्त्रक्रियेत दाब मुद्दाम खाली आणण्याची रीत होती. ती मागे पडली हे योग्यच झाले, कारण रक्तस्रावानंतर आकसलेल्या धमन्यांना कमी दाब सोसत नाही. १९९० नंतर रुळलेल्या कॉइलिंगमध्ये जांघेतून नळी नेऊन प्लॅटिनमची वेटोळी भरतात; कवटी उघडावी लागत नाही, पण भूलतज्ज्ञांची जोखीम संपत नाही. लेखकाने त्यांना एकच वाक्य दिले आहे. वाचकांनी ते सावकाश वाचावे. — संपा.